‘अन्वय’ : एका लघुपटाच्या कामाच्या नोंदी

१२ फेब्रुवारी २०२४, वडोदरा

मामांनी आज होकार दिला, पण अटी घालून. त्यांचा चेहरा दिसणार नाही, ‘जीवनाचा अर्थ’ हे शब्द त्यांच्या तोंडी घालायचे नाहीत, आणि दुपारी दोन ते चार या त्यांच्या झोपेच्या वेळेत कॅमेरा माडीवर चढणार नाही. वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी कुणी आपल्याला ज्ञानी म्हाताऱ्याच्या भूमिकेत बसवावे, याचा त्यांना मनापासून कंटाळा आहे.

दांडिया बाजारातल्या त्यांच्या माडीवर बसून मी चित्रपटाची कल्पना सांगू लागले, तेव्हा ‘अर्थाचा शोध’ या शब्दांपाशीच त्यांनी मला अडवले. मराठीत अर्थ लावतात किंवा तो लागतो, असे त्यांचे म्हणणे. शोधायला तो काही हरवलेला चष्मा आहे का, असे त्यांनी विचारले आणि विचारता विचारता स्वतःचा चष्मा उशीखालून काढला. शाळेत संस्कृत शिकवण्यात त्यांची सारी नोकरी गेली आणि त्या काळात मुलांकडून त्यांनी प्रामुख्याने एकच काम करून घेतले, ते म्हणजे श्लोक लावणे. वृत्ताच्या सोयीने इकडेतिकडे बसलेली पदे उचलून गद्याच्या क्रमाने मांडायची, कर्ता कुठला, कर्म कुठले, विशेषण कुणाचे ते ठरवायचे. याला अन्वय म्हणतात. अन्वय जमला की मुले म्हणत, ‘सर, लागला.’ ‘लावला’ म्हणणारा मुलगा त्यांना आठवत नाही.

मी ज्याला संकलन म्हणते ते याहून फार वेगळे नाही, हे जिना उतरताना लक्षात आले. चित्रपटाचे नाव तिथेच ठरले.

२० फेब्रुवारी

आराखडा. अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रहा’त, म्हणजे न्याय या भारतीय तर्कशास्त्राच्या त्या सतराव्या शतकातल्या छोट्या पाठ्यपुस्तकात, वाक्याचा अर्थ कळण्याला तीन कारणे सांगितली आहेत: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. एका पदाला दुसऱ्याची गरज असणे ही आकांक्षा, त्यांच्या अर्थांचा एकमेकांशी मेळ बसणे ही योग्यता, आणि पदे विलंब न लावता उच्चारली जाणे ही सन्निधी. प्रत्येकीच्या अभावाचे उदाहरणही दिलेले आहे. ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ या पदांना एकमेकांची आकांक्षा नाही, म्हणून ते वाक्य नव्हे. ‘अग्नीने शिंपावे’ यात योग्यता नाही, कारण शिंपण्याचे काम पाण्याचे. ‘गाय आण’ यातले एक पद आता आणि दुसरे प्रहराने उच्चारले, तर सन्निधी नाही.

ही उदाहरणे मामांकडून ऐकताना मला ती पटकथेसारखी दिसू लागली. चित्रपटाचे तीन खंड करायचे आणि प्रत्येक खंडातून यांपैकी एक गोष्ट काढून घ्यायची. माणसाला अर्थ कशामुळे लागतो, हे अर्थ लागू न देता दाखवता येईल, अशी आजची समजूत आहे. शॉटला या नोंदींत मी ‘पद’ म्हणणार आहे.

९ मार्च

कॅमेरा मिळाला. ललित कला विद्याशाखेत माझ्या पुढच्या वर्गात असलेल्या एका मैत्रिणीने तिचा चावीवर चालणारा बोलेक्स वर्षभरासाठी दिला आहे. सोळा मिलिमीटरच्या शंभर फुटी रोलमध्ये सुमारे चार हजार चौकटी मावतात. सेकंदाला चोवीस या वेगाने त्या पावणेतीन मिनिटांत संपतात. पूर्ण चावी दिली तरी कॅमेरा साधारण अठ्ठावीस सेकंदच चालतो, म्हणजे कुठलेही पद यापेक्षा लांब होऊच शकत नाही. मामांना ही मर्यादा फार आवडली. दम लागतो तिथे श्लोकात यती, म्हणजे विराम, येतो, एवढेच ते म्हणाले.

दहा कृष्णधवल रोल परवडतील. ‘अर्थ’ या शब्दाचा पैसा हाही अर्थ आहे, हे ज्या संस्थेकडे अनुदान मागितले तिच्या अर्जाने पुरेपूर पटवले: ‘चित्रपटाचा संदेश शंभर शब्दांत लिहा’ असा रकाना होता. तो मी कोरा ठेवला आणि अर्ज अपेक्षेप्रमाणे परत आला.

ज्या शहरात १८९० मध्ये दादासाहेब फाळके कलाभवनात छायाचित्रणाची प्रक्रिया शिकत होते, तिथे मोरीत फीत धुण्याला जुनी परंपरा आहे, असे मी मामींना सांगितले. त्यांची मोरी द्यायची तयारी नाही.

२१ एप्रिल

पहिल्या खंडाचे चित्रीकरण. गाय मांडवीच्या कमानीखाली सकाळी सातला मिळाली. दुकाने उघडण्यापूर्वी ती तिथे मालकिणीसारखी उभी असते. घोडा म्हणजे काल रात्रीच्या वरातीची घोडी, पाठीवरचा जरीचा साज उतरवून मालक तिला पाणी पाजत असताना. माणूस न्यायमंदिरासमोरचा, पाठमोरा, त्याची परवानगी घेऊन. ‘पण मी काय करू?’ असे त्याने दोनदा विचारले. काहीही करू नका, हे उत्तर कुणालाही अवघड जाते; अठ्ठावीस सेकंदांत त्याने तीन वेळा घड्याळ पाहिले.

हत्तीचा प्रश्न होता. वडोदऱ्यात हाथीखाना आहे, पण ती धान्याची घाऊक बाजारपेठ आहे. गायकवाडी हत्तींची आठवण नावापुरतीच उरली. आता तिथे पोती, हातगाड्या आणि हमाल. मी हत्तीच्या जागी तिथली पोत्यांची थप्पी घेतली. पद आहे आणि पदार्थ, म्हणजे ती वस्तू, नाही, हे मला त्या वेळी फार चतुर वाटले.

१९ मे

घरीच फीत धुण्याचा दुसरा प्रयत्न, या वेळी यशस्वी. नेहमीच्या रसायनांऐवजी झटपट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व वापरते आहे: लिटरला कॉफी चाळीस ग्रॅम, निर्जल सोडा चोपन्न ग्रॅम, जीवनसत्त्व सोळा ग्रॅम, वीस अंश तापमानाला पंधरा मिनिटे. कॉफीतली फिनॉल गटातली आम्ले प्रतिमा उमटवतात, सोड्यामुळे द्रावण त्यासाठी पुरेसे अल्कधर्मी होते, आणि जीवनसत्त्व त्याला जोड देते. वास मात्र कॉफीचा येत नाही. ओल्या गोणपाटाचा येतो.

मे महिन्यातली खरी अडचण वीस अंशांची आहे. गच्चीवरच्या टाकीतून येणारे पाणी हात भाजेल इतके तापलेले असते. पहिल्या वेळी मी थेट द्रावणात बर्फ टाकला, ते पातळ झाले आणि गाय धुक्यात उभी असल्यासारखी आली. आता फीत धुण्याची टाकी बर्फाच्या परातीत ठेवते.

टाकी रशियन बनावटीची आहे. तिच्यात पन्नास-पन्नास फुटांची दोन वेटोळी बसतात, त्यामुळे शंभर फुटी रोल संपूर्ण अंधारात मधोमध कापावा लागतो. कात्री कुठल्या पदाच्या मध्ये पडली ते फीत वाळल्यावरच कळते. या खेपेस ती माणसाच्या तिसऱ्यांदा घड्याळ पाहण्यावर पडली. मामांनी लगेच चुकीच्या पदच्छेदाचे तीन-चार किस्से सांगितले, त्यांतले दोन मामींसमोर सांगण्यासारखे नव्हते.

१६ जून

पहिल्या खंडाची कच्ची जुळणी सात जणांना दाखवली आणि माझी मांडणी सात मिनिटांत कोसळली.

गाय, घोडी, माणूस, पोती. मध्ये कुठलेही दुवे नाहीत, आवाज नाही. कुणाला काहीच लागू नये, अशी अपेक्षा होती. प्रत्येकाला लागले. ध्वनीचे काम करणाऱ्या मित्राला ती विकण्याची गोष्ट वाटली: गाय विकली, घोडी विकली, माणूस वाट पाहतो आहे, आणि आता धान्य. शेजारच्या काकूंना तो माणूस नवरामुलगा वाटला, लग्नाला पोहोचायला उशीर झालेला. एका विद्यार्थिनीने तर हाथीखान्याची पाटी पुसट दिसत असूनही वाचली आणि म्हणाली, ‘हत्ती गेले आणि हमाल आले, असंच ना?’ माझे चातुर्य तिने पाच सेकंदांत उघडे पाडले.

सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशोव यांचा शंभर वर्षांपूर्वीचा प्रयोग चित्रपट शिकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतो. मोझ्झूखिन या नटाचा तोच निर्विकार चेहरा सुपाच्या थाळीशेजारी ठेवला की भुकेला दिसतो आणि शवपेटीशेजारी ठेवला की शोकाकुल. मलाही तो ठाऊक होता. तरी आपल्या खोलीत तो आपल्यावर उलटेल असे वाटले नव्हते.

संध्याकाळी मामांकडे गेले. आकांक्षा पदांची की ऐकणाऱ्याची, हा शास्त्रातला जुनाच वाद आहे, असे ते म्हणाले. इच्छा चेतनालाच होऊ शकते, शब्द जड आहेत. म्हणून आकांक्षा खरी श्रोत्याची आणि पदांवर ती केवळ आरोपाने सांगितली जाते, असा एक पक्ष आहे. ‘तू गाईतून ती काढलीस. काकूंमधून कशी काढशील?’

२ जुलै

ध्वनीची दिशा सापडली. अन्वयाच्या दोन पद्धती आहेत. दंडान्वयात पदे कर्त्यापासून क्रियापदापर्यंत ओळीने मांडतात. खंडान्वयात आधी क्रियापद धरतात आणि मग प्रश्न विचारत एकेक पद जोडत जातात: कोण? कुणाला? कशाने? कुठे? कसा असलेला? मामा वर्गात खंडान्वय करून घेत. आज त्यांच्याकडून फक्त ते प्रश्न बोलून घेतले. श्लोक नाही, उत्तरे नाहीत, क्रियापद नाही. पंखा बंद करून अकरा मिनिटे ध्वनिमुद्रण केले, ‘कशाने?’ हा शब्द त्यांनी एकवीस वेळा उच्चारला आणि प्रत्येक वेळी समोर बाकावर कुणीतरी नवीन मुलगा उभा असल्यासारखा.

पहिला खंड आता असा राहील: चित्रांमध्ये काहीही बदल नाही, वरून हे प्रश्न.

१४ जुलै

दुसरा खंड. ‘अग्नीने शिंपावे.’ योग्यतेचा अभाव दाखवायला मी झारीने कुंड्यांना पाणी घालणाऱ्या हातांचे पद घेतले होते, आणि त्यालाच जोडून एका फॅब्रिकेशनच्या दुकानातल्या ग्राइंडरच्या ठिणग्या. कारागीर लोखंडी जाळीचा कोपरा घासत होता. ठिणग्यांचा झोत जमिनीवर पडे, फुटे, उडे. खाली ओळीने ठेवलेल्या पत्र्यांवरून तो असा फिरे की कुणी वाफ्याला पाणी देते आहे. निगेटिव्ह उजेडात धरले तेव्हाच माझ्या लक्षात आले होते. पडद्यावर तर शंकाच उरली नाही: झारीतले पाणी कंटाळवाणे शिंपत होते आणि अग्नी अप्रतिम शिंपत होता.

म्हणजे दुसराही खंड हातातून गेला. मामा मात्र इतके खूश झाले की त्यांनी ते पद चार वेळा पाहिले आणि आठल्ये-बोडस यांनी संपादलेल्या ‘तर्कसंग्रहा’ची आपली जुनी प्रत काढून त्या ओळीच्या समासात पेन्सिलीने काहीतरी लिहिले. मला दाखवले नाही.

४ ऑगस्ट

तिसऱ्या खंडासाठी मामांच्या माडीच्या खिडकीतून एका दिवसरात्रीत आठ पदे घ्यायची आहेत, दर प्रहराला एक, कॅमेरा तिपाईवरून न हलवता. रात्रीच्या चार प्रहरांत मी जागी राहणार आणि मामा माझ्यासोबत जागणार, असे त्यांनी परस्पर ठरवले आहे.

मित्राने सुचवले की रात्रीच्या पदांना श्रीअरविंदांचा संदर्भ द्यावा. सुचवणे स्वाभाविक होते. ते १८९३ ते १९०६ या काळात बडोद्यात होते, आणि सुरतेच्या काँग्रेसनंतर १९०८ च्या जानेवारीत याच शहरात सरदार मजुमदारांच्या वाड्यात, विष्णु भास्कर लेले या मराठी योग्यासमवेत, तीन दिवसांत त्यांचे मन निःशब्द झाले, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. दांडिया बाजारातला अरविंद निवास मामांच्या घरापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. तरीही मी नकार दिला. ती वाट शब्द मागे टाकून जाणारी. माझा चित्रपट शब्दांच्या रांगेत उभा आहे आणि त्याने रांग सोडू नये.

११ ऑगस्ट

आठही पदे झाली. मामा दुसऱ्याच प्रहरात झोपले.

३१ ऑगस्ट

विश्वामित्रीच्या पुराने समा भागातली माझी तळमजल्यावरची कामाची खोली कमरेएवढ्या पाण्यात होती. पाणी उतरायला तीन दिवस लागले. दारात चिखल आणि गल्लीच्या तोंडाशी मगर पकडायला आलेली माणसे, असे दृश्य होते. निगेटिव्ह फितींपैकी बहुतेक वरच्या फळीवर सुखरूप आहेत. सहाव्या रोलचे दोन्ही तुकडे खालच्या कपाटात होते. स्कॅनसाठी ते मुंबईला जायचे राहिले होते. मीच पुढच्या खेपेवर ढकलले होते.

ओली फीत वाळू द्यायची नसते, कारण वाळताना वेटोळी एकमेकांना चिकटतात. म्हणून डबे तसेच पाण्याच्या बादलीत घालून मैत्रिणीकडे नेले आणि रात्रभर थंड पाण्यात हळूहळू उलगडली. कोमट गढूळ पाण्यात जिलेटीन मऊ होऊन सरकले होते. सहा पदे वाचली. सातव्या आणि आठव्या प्रहरांची, म्हणजे मध्यरात्रीनंतरची आणि पहाटेची, खिडकी नाहीशी होऊन तिथे फक्त शिरा, फोड आणि वाहून गेलेल्या करड्या रेघा उरल्या आहेत.

८ सप्टेंबर

काल गणपती बसले, म्हणून दांडिया बाजारात सगळेच भेटले, आणि मोदकांबरोबर प्रत्येकाने मला एकच सल्ला दिला: खराब झालेली दोन पदे तशीच वापर. ती सुंदर आहेत, यात वाद नाही. नदीने चित्रपटावर स्वतःची सही केली, असेही एकाने म्हटले.

मी ती दोन दिवस पुन्हा पुन्हा पाहिली आणि काढून टाकली. त्यांचा अर्थ फार लवकर लागतो. काळ, नाश, स्मृती, निसर्ग. पाहणाऱ्याला काही करावेच लागत नाही, चित्र स्वतःच सगळे बोलून मोकळे होते. त्या दोन पदांनंतर आधीची सहा केवळ त्यांची प्रस्तावना ठरतात. शिवाय पुरात ज्यांच्या घरातले धान्य गेले त्या शेजाऱ्यांसमोर हे सौंदर्य म्हणून दाखवायला मन घेत नाही, हेही खरे.

पुन्हा चित्रीकरण करायला एक रोल शिल्लक आहे. पण तिसऱ्या खंडाची मूळ अडचण पुराच्या आधीपासूनच होती. दोन पदांत मी प्रत्यक्ष तीन तासांचे अंतर ठेवले होते. जोडताना ते शून्य झाले. संकलनाचे टेबल सन्निधीचाच कारखाना आहे. प्रहराप्रहराने उच्चारलेली पदे तिथे एका दमात उच्चारली जातात.

१५ सप्टेंबर

मामांनी अध्याहार समजावला. कुणी नुसते ‘दार’ म्हणाले की ऐकणारा ‘लाव’ हे पद स्वतः भरून घेतो. भाट्ट, म्हणजे कुमारिलभट्टांच्या मतावरचे मीमांसक, आणि न्यायमताचे नैयायिक म्हणतात, तिथे शब्दच भरला जातो; प्रभाकरांच्या मतावरचे मीमांसक, म्हणजे प्राभाकर, म्हणतात, शब्दाची गरज नाही, थेट अर्थ भरला जातो. मामांनी हा वाद प्रत्यक्ष दार उघडे ठेवून सांगितला आणि शेवटी मामींनी आतून ‘दार!’ म्हणून ओरडून तो संपवला.

सातव्या आणि आठव्या पदांच्या जागी काळी फीत घालणार, प्रत्येकी अठ्ठावीस सेकंद, म्हणजे मूळ पदाइतकीच. तिच्यावर मामांचे प्रश्नही नाहीत. आधीच्या सहा पदांत पाहणाऱ्याला खिडकी पाठ झालेली असते. अंधारात त्याने ती भरावी. शब्द भरतो की अर्थ, ते त्याचे तो पाहील.

६ ऑक्टोबर

नवरात्र. आवाजामुळे ध्वनीचे काम दसऱ्यापर्यंत बंद.

२४ नोव्हेंबर

जुळणीचा तिसरा आठवडा. दाराच्या कडीवर हात, या पदाने सगळ्यांत जास्त वेळ घेतला. पहिल्या खंडाच्या शेवटी ठेवले तर कुणी घराबाहेर पडते आहे. काळ्या फितीच्या आधी ठेवले तर कुणी आत येऊ पाहते आहे, आणि भीती वाटते. ठिणग्यांनंतर ठेवले तर कडी गरम असेल असे वाटून मीच हात मागे घेतला. बारा सेकंदांच्या त्या फितीत स्वतःचा असा अर्थ किती आहे, हे मला सांगता येईना.

पदे आधी आपापला अर्थ सांगतात आणि मग ते अर्थ एकमेकांशी जोडले जातात, हे कुमारिलांचे मत. जोडलेल्या स्थितीतच पदाला अर्थ असतो, सुटे पद काही सांगत नाही, हे प्रभाकरांचे. जुळणीच्या टेबलावर बसून मी रोज थोडी थोडी प्राभाकर होत चालले आहे. मामा कट्टर भाट्ट आहेत. सुट्या कडीत काहीच नसते तर ती तू तीन ठिकाणी ठेवून का पाहिलीस, कात्री का ठेवून पाहिली नाहीस, असे त्यांनी विचारले. याला माझ्याकडे उत्तर नाही. कडी ठिणग्यांनंतर ठेवली आहे.

मग प्रत्येक पद एकेकदा काढून पाहिले. असले की अर्थ असतो, नसले की नसतो, या अन्वय-व्यतिरेकाने शब्दाच्या कुठल्या अंशाचा काय अर्थ ते ठरवण्याची रीत वैयाकरणांचीच. चौसष्टपैकी एकोणीस पदे काढल्यावर काहीच बिघडले नाही, म्हणून ती गेली. त्यांत कीर्तिमंदिराच्या पायऱ्यांचे माझे सगळ्यांत लाडके पदही गेले. घोडीचे पद काढले तेव्हा मात्र तो पाठमोरा माणूस घड्याळ का पाहतो आहे तेच कळेनासे झाले, म्हणजे काकूंची गोष्ट खंडाच्या अंगात मुरली होती.

१५ जानेवारी २०२५

वासी उत्तरायण, म्हणजे संक्रांतीचा दुसरा दिवस. मामांच्या माडीवर चादर लावून पूर्ण चित्रपट पहिल्यांदा दाखवला, एकोणीस मिनिटे. घरचे, शेजारचे मिळून चौदा जण, आणि मामींनी सगळ्यांना तिळाची चिक्की वाटली.

पहिल्या खंडात मुले मामांच्या प्रश्नांना उत्तरे देऊ लागली. ‘कोण?’ म्हटले की ‘गाय!’ ‘कुठे?’ म्हटले की ‘मांडवी!’ ‘कशाने?’ला कुणाकडेही उत्तर नव्हते, तरी ते दर वेळी काहीतरी ओरडत राहिले. मी ध्वनी बंद करणार होते. मामांनी हाताने थांबवले. ठिणग्यांना दाद मिळाली. तिसऱ्या खंडात खिडकी सहा वेळा आली आणि मग काळी फीत लागली. खोलीत पूर्ण अंधार, कुणी हलले नाही. तेवढ्यात शेजारच्या गच्चीवरून पतंग काटल्याची ‘काप्यो छे!’ अशी आरोळी उठली आणि सगळे हसले. हसू ओसरल्यावरही अंधार बराच उरला होता. माझ्या मोजणीपेक्षा तो लांब वाटला.

दिवा लावल्यावर शेजारच्या काकूंनी सांगितले की शेवटी खिडकीत उजाडलेले फार छान आले आहे. उजाडण्याचे पद रोलबरोबर गेले, हे मी त्यांना सांगितले नाही. मामांनी ते ऐकले आणि माझ्याकडे पाहून विजयी मुद्रेने एवढेच विचारले, ‘शब्द की अर्थ?’

कामाची बाकी: पहिल्या खंडात सतराव्या सेकंदाला ध्वनीत कपाटाचा आवाज आहे, तो काढायचा. श्रेयनामावलीत मामींच्या मोरीचे नाव घालायचे, शेवटी तीच वापरली. तिसऱ्या खंडाची पाटी मी ‘सन्निधी’ अशी दीर्घ लिहिली आहे. मामांच्या मते शब्द संस्कृत आहे म्हणून ‘धि’ ऱ्हस्व हवी, माझ्या मते चित्रपट मराठी आहे. पाटीचे चित्रीकरण नव्याने करावे लागले तरी शेवटच्या रोलमध्ये अकरा फूट शिल्लक आहेत. वेलांटी अजून ठरलेली नाही.